भरतीच्या वेळेवर बांधलेली सुट्टी: समुद्रकाठी पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

समुद्रकाठी सुट्टी घालवायचं ठरलं की घरात तीन पक्ष पडतात. एकाला वाळूत लोळायचं असतं, दुसऱ्याला पक्षी आणि खेकडे बघायचे असतात, तिसऱ्याला किल्ला किंवा जुनं बंदर. मग तडजोड म्हणून दिवस वाटले जातात: पहिला दिवस पुळणीचा, दुसरा निसर्गाचा, तिसरा इतिहासाचा. ऐकायला ठीक वाटतं, पण समुद्र असा दिवसांनी वाटून मिळत नाही. ज्या खडकांवर तारामासे बघायचे असतात ते सकाळी अकराला दोन पुरुष पाण्याखाली असतात, आणि ज्या किल्ल्यावर चालत जायचं असतं त्याची वाट दुपारी तीनला उघडते. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. खडकांच्या टोकापर्यंत तासभर चालत पोहोचलो आणि समोर नुसतं फेसाळतं पाणी. दोन दिवस त्याच वेळी जात राहिलो. तिसऱ्या दिवशी एका होडीवाल्यानं विचारलं, "भरती बघून येत नाही का तुम्ही?"

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. आधी भरती-ओहोटी बघायची, मग बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवायचं. तसं केलं की पुळण, निसर्ग आणि इतिहास तिन्ही गोष्टी रोज मिळतात, फक्त वेगवेगळ्या तासाला.

पहिली पायरी: किनारा निवडताना नकाशावर चार खुणा शोधा

फोटो बघून किनारा निवडू नका, नकाशा बघून निवडा. नकाशावर चार गोष्टी जवळजवळ दिसतात का ते पाहा: समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक, त्याच्या बाजूला वाळूचा लांब पट्टा, खाडीचं किंवा नदीचं मुख, आणि त्या मुखाशी वसलेलं जुनं गाव. या चौघांचं एकत्र असणं हा योगायोग नसतो. खडकाळ टोकामुळे लाटा अडतात, त्याच्या आडोशाला गलबतं नांगरता येतात, म्हणून तिथे बंदर होतं. बंदरात माल आला की जकात आली, जकात आली की तिच्यावर हक्क सांगणारे आले, आणि मग त्या टोकावर तट उभा राहिला. खाडीच्या आत गाळ साचतो म्हणून तिथे कांदळवन वाढतं. टोकाच्या दुसऱ्या अंगाला लाटा वाळू आणून टाकतात, तिथे तुमची पुळण.

वाघोटन खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग घ्या, श्रीलंकेतलं गॉल घ्या, नाहीतर केनियात मोंबासाला पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस घ्या. जागा कुणी का निवडली असेल ते कड्यावर उभं राहिलं की दोन मिनिटांत कळतं. अशा ठिकाणी राहिलात की सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं, आणि ही सोय फार मोठी आहे, कारण ओहोटी गाडीच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही.

नुसता मैलोन् मैल सरळ वाळूचा किनारा सुंदर असतो, पण तिसऱ्या दिवशी तो संपतो. पहिल्या सुट्टीसाठी वाकडातिकडा किनारा निवडावा, असं मी आग्रहानं सांगेन.

दुसरी पायरी: तारीख ठरवताना चंद्र बघा

हवामानाचा हंगाम सगळेच बघतात. उष्ण प्रदेशात पावसाळा टाळायचा, थंड प्रदेशात उन्हाळा गाठायचा, यात सांगण्यासारखं फारसं नाही. पाण्यातल्या किल्ल्यांसाठी मात्र हा मुद्दा निर्णायक ठरतो. सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे त्या महिन्यांत तो किल्ला फक्त किनाऱ्यावरून दिसतो.

चंद्राचं गणित असं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, त्यामुळे भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. हे उधाण. त्याचा जोर साधारण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात येते, तेव्हा पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. ही भांगाची भरती.

खडकांतली डबकी, प्रवाळ, पाण्यातून उघडी पडणारी वाट, हे सगळं बघायचं असेल तर उधाणाचे दिवस गाठा, कारण एरवी कधीच उघडा न पडणारा भाग तेव्हा दिसतो. लहान मुलांना पाण्यात खेळवायचं असेल, होडीनं खाडीत हिंडायचं असेल, तर भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याचा ओघ सौम्य असतो. पाच-सहा दिवसांची सुट्टी असेल तर पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी सुरू करावी. सुरुवातीला उधाण मिळतं आणि शेवटाकडे पाणी शांत होत जातं.

तिसरी पायरी: वेळापत्रक वाचायला शिका

भरती-ओहोटीचं वेळापत्रक जगात बहुतेक ठिकाणी मिळतं: त्या देशाच्या जलआलेखन किंवा हवामान खात्याच्या संकेतस्थळावर, बंदराच्या कचेरीत, कोळीवाड्याच्या धक्क्यावर टांगलेलं. त्यात चार वेळा आणि चार उंच्या असतात. दोन भरत्या, दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून कालची वेळ आज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. परवा सकाळी आठला जे दिसलं ते आज पावणेदहाच्या सुमाराला दिसेल, एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मं काम झालं.

समोरची मीटरमधली उंची वाचताना नवख्यांचा गोंधळ होतो. ती तुमच्या पायाखालच्या पाण्याची खोली नसते. समुद्राच्या नकाशासाठी धरलेल्या अगदी खालच्या पातळीपासून ती मोजलेली असते. म्हणून ओहोटीसमोर 0.2 दिसलं तर समजा की पाणी फार मागे जाणार आहे, खडक बघायला निघा. 1.6 दिसलं तर त्या दिवशी पुस्तक घेऊन वाळूत बसा.

आपल्याकडे याला एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आणि रात्री तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. कोकण किनाऱ्यावर तो साधारण बरोबर येतो, कारण तिथे अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास असते आणि पुढे दर तिथीला ती पाऊण तासानं सरकते. पण हा हिशेब घेऊन दुसऱ्या देशात जाऊ नका. प्रत्येक बंदराची अमावास्येच्या भरतीची घटका वेगळी असते. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात दिवसातून एकच भरती येते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी वीतभर-हातभरच चढतं-उतरतं, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ते 16 मीटरपर्यंत चढतं, म्हणजे पाच मजली इमारतीएवढं. जाल तिथलं वेळापत्रक, हाच नियम.

प्रत्येक किनाऱ्याची ती घटका ठरलेली असते, यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. उधाणाची सर्वांत खालची ओहोटी एका ठिकाणी नेहमी साधारण त्याच वेळी येते. कोकणात ती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला येते. म्हणजे कोकणात सगळ्यात चांगली डबकी कधीच भर दुपारी दिसत नाहीत. तुम्ही जाल तिथे ही वेळ कोणती हे एकदा शोधून ठेवा, मग पुढच्या प्रत्येक फेरीला तारीख ठरवणं सोपं जातं.

आणखी एक जुना हिशेब पाठ करावा. तो खलाशांचा आहे आणि त्याला बाराव्या हिश्श्याचा नियम म्हणतात. भरती सहा तास चढते, पण सारख्या वेगानं नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं पाणी येतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पाणी एकंदर 3.6 मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात फक्त 30 सेंटिमीटर वाढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच 90 सेंटिमीटर वाढतं. वाळूचा उतार पन्नासात एक इतका सौम्य असेल तर त्या एका तासात पाण्याची कड 45 मीटर आत येते. "आत्ता तर लांब होतं पाणी" असं लोक म्हणतात, ते याच तिसऱ्या तासात.

चौथी पायरी: दिवस मांडा

वही घ्या, प्रत्येक दिवसाची एक ओळ करा आणि आधी फक्त ओहोटीच्या वेळा लिहा. ओहोटीच्या दीड तास आधीपासून ओहोटीपर्यंतचा वेळ खडकांसाठी आणि पाण्यातून जाणाऱ्या वाटांसाठी राखून ठेवा. पाण्याच्या मागोमाग आत जायचं आणि ते वळलं की आपणही वळायचं. हा नियम मोडू नये. भरतीच्या आसपासचा वेळ खाडीतल्या होडीसाठी आणि पक्ष्यांसाठी. किल्ला, दीपगृह, संग्रहालय, जुनी वस्ती यांना जे तास उरतील ते द्या, पण उन्हाच्या माथ्यावर उघडा तट चढू नका. दगड तापलेला असतो आणि सावली नसते. दुपार संग्रहालयाची. पाण्यात उतरण्याची वेळ जीवरक्षक कधी असतात त्यावर ठरवा, तुमच्या सोयीवर नाही.

आखणी पाच दिवसांची असेल तर एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. वारा फिरतो, होडी रद्द होते, पोर दमतं.

पाचवी पायरी: पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण समुद्रावर होणारे बरेचसे अपघात खोल पाण्यात जाऊन होत नाहीत, कमरेएवढ्या पाण्यात होतात.

लाटा वाळूवर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या चराला धरून अरुंद पट्ट्यात समुद्राकडे वेगानं ओढलं जातं. याला रिप करंट म्हणतात. फसवं असं की हा पट्टा बाहेरून शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधे एक गडद, सपाट, कमी फेसाची फट दिसते. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो, लाटा नाहीत म्हणून. म्हणून आधी उंचावर उभं राहून दहा मिनिटं पाहायचं. अशी फट दिसते का, फेस किंवा गढूळ पाणी एका ओळीत बाहेर जातंय का, हे बघायचं.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून पोहू नका. ती ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही हरवते. ती माणसाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेते. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्यातून बाहेर पडा. मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत या. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी टाकू नका. त्याच्याकडे तरंगणारं काहीतरी फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. वाचवायला गेलेलाच बुडाल्याची उदाहरणं जगभरात सापडतात.

निशाणांची भाषा आता बऱ्याच देशांत सारखी झाली आहे. वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यात जीवरक्षकांची नजर आहे, तिथेच उतरा. नुसता लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे दंश करणारे जीव आले आहेत. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तिथला फलक एकदा वाचा, कारण थोडेफार फरक असतात.

खाडीच्या मुखाशी कधीच पोहू नये. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर धावतं.

जेलीफिशचा दंश झाला तर जागा समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नको. त्यानं उरलेल्या दंशपेशी फुटतात. वाळूनं चोळू नका. चिकटलेले धागे चिमट्यानं काढा. बाकी उपचार जीवाच्या जातीप्रमाणे बदलतात, म्हणून तिथल्या जीवरक्षकाला विचारा. श्वास जड झाला, छातीत दुखलं तर थेट दवाखाना. उथळ वाळूत शेपटीच्या काट्यानं दंश करणारे पाकट मासे लपून बसतात, तिथे पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. चाहूल लागली की ते निघून जातात.

उन्हाचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण एवढं लक्षात असू द्या की छत्रीखाली बसूनही अंग भाजतं. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के परतवतो.

आणि एक गोष्ट, जी एखाद्याला आयुष्यात एकदाच लागेल. भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात नसताना समुद्र एकाएकी लांब मागे गेला, किंवा किनाऱ्यावर जोराचा अथवा लांबलेला भूकंप जाणवला, तर उघड्या पडलेल्या तळाकडे मासे बघायला जाऊ नका, उंचावर पळा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इंडोनेशियातलं सिमेलुए बेट भूकंपाच्या केंद्राजवळ होतं, तरी तिथली मोजकीच माणसं दगावली. 1907 च्या लाटेची आठवण तिथे गाण्या-गोष्टींतून जपलेली होती आणि 'स्मोंग' (त्सुनामीसाठीचा तिथला शब्द) हा एक शब्द कानी पडताच लोक डोंगराकडे धावले. किनाऱ्यावरचा स्थानिक इतिहास ही किती कामाची गोष्ट असते, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

सहावी पायरी: खडकातली डबकी

ओहोटीला उघडे पडलेले खडक म्हणजे उभी वस्ती असते. सर्वांत वर, जिथे फक्त तुषार पोहोचतात, तिथे बारीक गोगलगाई. त्याखाली खडकाला गच्च चिकटलेले पांढरे बार्नेकल. मधल्या पट्ट्यात टोपीसारखे लिंपेट, कालवं, खेकडे. अगदी खाली, जिथे फक्त उधाणाच्या ओहोटीला पाणी सरतं, तिथे समुद्रफुलं, तारामासे, समुद्री काकड्या, रंगीत स्पंज. कोणता जीव किती वेळ उन्हात तग धरू शकतो, त्यावर त्याचा मजला ठरलेला. म्हणून खालून वर बघत या. आधी पाण्याच्या कडेला जायचं आणि भरती लागली की तिच्याबरोबर एकेक मजला वर सरकायचं.

लिंपेटकडे जरूर बघा. भरतीत ते शेवाळ चरायला फिरतं आणि ओहोटीआधी आपल्याच ठरलेल्या जागी परत येतं. त्या जागी खडक आणि शिंपला एकमेकांना घासून असे जुळलेले असतात की आत ओलावा टिकतो. त्याला उचकटून दुसरीकडे ठेवणं म्हणजे त्याचं घर मोडणं.

दगड उलटून पाहिलात तर तो होता तसा हळूच परत ठेवा. त्याच्या खालची ओली बाजू उन्हात राहिली तर तिथलं सगळं मरतं. जिवंत काहीही उचलू नका. यात तुमचाही बचाव आहे. शंकूच्या आकाराचे नक्षीदार कोन शंख उष्ण समुद्रांत सापडतात, दिसायला अतिशय देखणे, पण आतल्या जीवाचा दंश माणसाचा प्राण घेऊ शकतो. रिकामा शंखही मी आता घरी आणत नाही. साधू खेकड्याला अंग झाकायला तोच लागतो, आणि मोठे, धड शंख त्याला सहज मिळत नाहीत.

पायात पकड असलेले जुने बूट हवेत. चपला आणि अनवाणी पाय दोन्ही नकोत. हिरवं शेवाळ घसरतं, कालवांची कड ब्लेडसारखी कापते. पाठ समुद्राकडे करून वाकू नका.

सातवी पायरी: खाडी, वाळूच्या टेकड्या आणि रात्र

पक्षी बघायला लोक सकाळी कधीही जातात आणि दूरवर ठिपके बघून परततात. ओहोटीला तुतवार, चिखल्या असे पाणपक्षी मैलभर पसरलेल्या चिखलात चरत असतात. भरती चढू लागली की चिखलाची जागा आक्रसते आणि तेच पक्षी थव्यानं किनाऱ्याजवळ येतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जाऊन एका जागी बसा, पाणी त्यांना तुमच्याकडे घेऊन येतं. भरतीला ते वाळूच्या एखाद्या उंचवट्यावर विसावतात, तेव्हा मात्र जवळ जाऊन थवा उडवू नका. यांच्यातल्या काहींचा प्रवास आपल्या कल्पनेपलीकडचा असतो. पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट 2022 मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर न थांबता उडाला होता. विसाव्याचा एकेक तास त्यांच्या चरबीच्या हिशेबात मोजलेला असतो, आणि फोटोसाठी धावत गेलेला माणूस तो खर्च करून टाकतो.

कांदळवनात दोनदा जा. भरतीला होडीनं, म्हणजे फांद्यांच्या उंचीवरून दिसतं. ओहोटीला काठावरून, म्हणजे चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यावर चढणारे चिखलातले मासे आणि एकच नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे दिसतात. तिवराचं पान उन्हात निरखलंत तर त्याच्यावर मिठाचे कण सापडतील. जास्तीचं मीठ ते झाड पानातून बाहेर टाकतं.

वाळूच्या टेकड्यांवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसेल, आपट्यासारखी दुभंगलेली पानं असलेली. उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर ती जगभर असते. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात आणि हे नाव अचूक आहे. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून ती सुरू होते आणि आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते. ती तुडवली गेली की वारा वाळू उडवतो आणि पुढच्या वादळात समुद्र तिथून आत येतो. टेकड्यांवरून जाताना केलेल्या वाटेनंच जा.

हंगाम असेल आणि किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर वनखात्याच्या किंवा गावच्या संरक्षकांबरोबरच जा. विजेरी, मोबाइलचा उजेड, फ्लॅश काहीही नको. पिल्लं घरट्यातून निघाली की उजळ क्षितिजाकडे चालतात. ते क्षितिज समुद्राचं असावं लागतं, तुमच्या फोनचं नाही. अमावास्येच्या आसपास रात्री अंधाऱ्या पाण्यात हात फिरवून बघा. कधीकधी लाटांच्या कडा निळसर चमकतात. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची असते. त्याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण दिसलं तर अख्खी सुट्टी तेवढीच लक्षात राहते.

आठवी पायरी: इतिहास पाण्याच्या बाजूनं वाचा

संग्रहालय शेवटच्या दिवशी ठेवायची पद्धत आहे. ते पहिल्या दुपारी करा. छोट्या गावातल्या एका खोलीच्या संग्रहालयातला जुना नकाशा बघितल्यावर पुढचे चार दिवस रस्ते वेगळे दिसतात. जुनी किनाररेषा कुठे होती, मालाचा धक्का कुठे होता, जकातघर कुठलं, हे त्या नकाशात असतं. मग गावातले वाकडे रस्ते धक्क्याकडे का उतरतात ते कळतं.

किल्ला आधी समुद्राकडून बघावा, होडीतून नाहीतर ओहोटीच्या वाळूतून. जमिनीकडचा तट आणि पाण्याकडचा तट यांची जाडी, उंची, तोफांच्या झरोक्यांची दिशा ताडून बघा. शत्रू कुठून यायचा ते दगड सांगतात. तटावर शेवाळाची आणि बार्नेकलची रेघ असते, ती भरतीची उंची. दरवाजा त्या रेघेच्या किती वर आहे, होडी थेट आत जात होती की बाहेर अडवली जात होती, हे त्यावरून उलगडतं. आत गेल्यावर पहिल्यांदा पाणी शोधा. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या किल्ल्यात पिण्याचं पाणी नसेल तर तट कितीही भक्कम असून उपयोग नाही. 1664 साली पाया घातलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं असतं, ते त्याच्यावर तरंगत राहतं, म्हणून हे शक्य होतं.

ओहोटीच्या वाटेनं जायच्या जागा सर्वांत रोमांचक असतात आणि सर्वांत शिस्तीच्याही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत गाठता येतो. इंग्लंडच्या ईशान्येला लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथल्या मठावर 793 मध्ये व्हायकिंगांनी हल्ला केला होता. तिथे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा जाहीर असतात, तरी गाड्या अडकतातच. म्हणून रस्त्याकडेला खांबांवर एक आसरा बांधून ठेवला आहे. परतीची वेळ आधी ठरवा, गजर लावा, आणि वाटेवर निघण्याआधी स्थानिक माणसाला एकदा विचारा. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल आणि हवेचा दाब कमी असेल तर पाणी छापलेल्या वेळेआधीच चढतं.

तटबंदीपुरताच इतिहास नसतो. समुद्रानं नेलेली आणि समुद्रानं सोडून दिलेली गावंही बघावीत. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळानं रामेश्वरजवळचं धनुष्कोडी एका रात्रीत उद्ध्वस्त केलं. चर्चच्या भिंती अजून वाळूत उभ्या आहेत. उलट तुर्कस्तानातलं एफेसस हे एके काळचं गजबजलेलं बंदर. नदीचा गाळ साचत गेला आणि आज त्याचे अवशेष समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत. तुमच्या किनाऱ्यावरही असं काही असतंच. कोरडा पडलेला धक्का, भिंतीतली नांगर बांधायची कडी जिच्याजवळ आता पाणीच येत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना "पाणी पूर्वी कुठपर्यंत यायचं?" एवढं विचारा. पुस्तकात नसलेली उत्तरं मिळतात.

सामानाबद्दल थोडक्यात: वेळापत्रकाची छापील प्रत, पकडीचे बूट, 8×42 ची दुर्बीण, लाल उजेडाची विजेरी, शिट्टी, लांब बाह्यांचा सदरा, पिण्याचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. फोन पाण्याबंद पिशवीत.

शेवटचा एक तास दीपगृहाला

दीपगृह बहुतेक जण दिवसा चढून बघतात. चढाच, वरून पहिल्या दिवशी नकाशावर पाहिलेल्या चारही खुणा एका नजरेत दिसतात. पण ते बांधलेलं आहे रात्रीसाठी. फ्रान्सच्या जिरोंद खाडीच्या मुखातल्या कोर्दुआँ दीपगृहात 1823 साली फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलची भिंगं पहिल्यांदा बसवली गेली. कड्याकड्यांनी कापलेल्या त्या काचेनं एका दिव्याचा उजेड एका पात्यात गोळा केला आणि तो पूर्वीपेक्षा खूप लांबून दिसू लागला. तिथे आजही ओहोटीला जातात आणि होडीतून उतरून उरलेलं अंतर चालतात.

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी असते, म्हणजे अंधारात खलाशाला कळतं की हे कोणतं. शेवटच्या रात्री वाळूत बसा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या आणि झोत मोजा. दोन चमका, मग अंधार, मग पुन्हा दोन. एका चमकांच्या गटाच्या सुरुवातीपासून पुढच्या गटाच्या सुरुवातीपर्यंत किती सेकंद गेले ते वहीत लिहा. सकाळी बंदरावरच्या माणसाला तो आकडा दाखवा, तो लगेच सांगेल बरोबर मोजलंत की नाही.